डोंगरापलीकडचं समन्स: पेनसिल्व्हेनियातला व्हिस्की कर, १७९१ ते १७९४

अमेरिकेतलं ‘व्हिस्की बंड’ सहसा दोन ओळींत सांगून होतं. शेतकऱ्यांनी दारूवरचा कर भरायला नकार दिला. राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन फौज घेऊन निघाले आणि बंड विरलं. पण कर बसला १७९१ साली आणि बंदुका उडाल्या १७९४ साली. मधली तीन वर्षं पश्चिम पेनसिल्व्हेनियात हा कर धड वसूल होत नव्हता, मारहाणही होत होती, तरी लढाईपर्यंत गोष्ट गेली नव्हती. ती गेली एका कागदावरून. आणि तो कागद लोकांच्या हातात पडेपर्यंत कायदा बदललाही होता.

या प्रकरणात माझा भर त्या कागदावर आहे. साध्या शेतकऱ्यांची आणि मार खाल्लेल्या छोट्या नोकरांची नावं गाळली आहेत. पदावर असलेल्या आणि पुढारपण केलेल्या माणसांची ठेवली आहेत.

## पार्श्वभूमी: कर्ज कोणाचं, फेडायचं कोणी

स्वातंत्र्ययुद्ध संपलं तेव्हा नव्या देशाच्या तिजोरीत खडखडाट होता. केंद्राचं कर्ज साधारण ५ कोटी ४० लाख डॉलर, त्यातलं काही फ्रान्स आणि हॉलंडचं. राज्यांची कर्जं वेगळी, ती अडीच कोटींच्या घरात. अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी १७९० मध्ये योजना मांडली की राज्यांचं कर्जही केंद्राने अंगावर घ्यावं आणि जुने रोखे दर्शनी किमतीला मान्य करावेत. देशाची पत उभी करायची तर दुसरा मार्ग नाही, असं त्यांचं म्हणणं. ते चुकीचं नव्हतं.

खटकणारी बाब एकच होती. युद्धात पगाराऐवजी कागद मिळालेल्या अनेक सैनिकांनी ते कागद गरजेपोटी कवडीमोलाने विकले होते. घेणारे होते पूर्वेकडच्या शहरांतले सटोडिये. आता पूर्ण किंमत त्यांच्या खिशात जाणार होती, आणि त्यासाठी लागणाऱ्या कराचा काही भार त्याच जुन्या सैनिकांवर पडणार होता. पश्चिमेकडच्या सभांमध्ये हा राग पुन्हा पुन्हा उफाळून येतो.

आयात शुल्क हे उत्पन्नाचं मुख्य साधन होतं. ते आणखी ताणलं तर व्यापार बसेल आणि चोरटी आयात वाढेल, अशी हॅमिल्टन यांना धास्ती. जमिनीवर थेट कर लावणं राजकीयदृष्ट्या महाग. मग दारू उरली. ती चैनीची वस्तू, आरोग्याला घातक. तेव्हाच्या राजधानीतल्या, म्हणजे पेनसिल्व्हेनियातल्या फिलाडेल्फियाच्या, डॉक्टरांच्या संघटनेनेही कराच्या बाजूने अर्ज केला होता. प्रतिनिधीगृहात ३५ विरुद्ध २१ मतांनी विधेयक पार पडलं आणि मार्च १७९१ मध्ये कायदा झाला. देशात तयार होणाऱ्या मालावर केंद्र सरकारने लावलेला हा पहिला कर. लंडनच्या सरकारने लादलेल्या अंतर्गत करांवरून ज्यांनी राजाला झुगारलं, त्यांच्यातलेच लोक आता कर बसवायच्या जागी बसले होते.

## कराची रचना

शहरातल्या आणि मोठ्या गावातल्या भट्ट्यांना दारूच्या तीव्रतेप्रमाणे गॅलनमागे ९ ते २५ सेंट कर होता. बाहेरून आणलेल्या मळीपासून गाळली असेल तर त्याहून जास्त. खेड्यातल्या भट्ट्यांना वेगळी सोय होती. तिथे भट्टीच्या भांड्याची जेवढी क्षमता, त्यावर गॅलनमागे वर्षाला ६० सेंट. हे नको असेल त्याने रोजची वही ठेवावी, प्रत्यक्ष गाळलेल्या मालाचा हिशेब शपथेवर द्यावा आणि गॅलनमागे ९ सेंट भरावेत.

कागदावर ही सोय सरळ दिसते. १०० गॅलनचं भांडं धरा. वर्षाचा कर ६० डॉलर. बारमाही भट्टी चालवणाऱ्याने त्यात १,००० गॅलन काढली तर त्याला गॅलनमागे ६ सेंट पडतात; १,५०० काढली तर ४. ज्याने सुगीनंतरच्या काही आठवड्यांत ४०० गॅलन काढली, त्याला १५. म्हणजे लहान माणसाला ९ सेंटांचाच पर्याय उरतो. मोठ्याला जेवढं जास्त गाळावं तेवढा कर हलका होत जातो, याला मात्र सोयीची सवलत असं नाव. मोठ्या उत्पादकांकडून वसुली सोपी, म्हणून हॅमिल्टन यांना अशीच रचना बरी वाटत असावी, असं म्हणायला जागा आहे. लहान भट्टीवाल्यांनी त्याचा अर्थ सरळ लावला: आपल्याला धंद्यातून उठवायचं आहे.

तक्रारी आल्या तसे १७९२ मध्ये दर उतरले. भांड्यावरचा दर ५४ सेंट झाला, प्रत्यक्ष उत्पादनावरचा ७. शिवाय महिन्यापुरता परवाना निघाला, गॅलन क्षमतेमागे १० सेंट. हंगामी भट्टीवाल्यासाठी ही सुधारणा खरोखर कामाची होती. पण त्याच दुरुस्तीत प्रत्येक काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, नोंदणीचं कार्यालय हवं, असं ठरलं, आणि विरोधकांना नेमकं बोट ठेवायला जागा मिळाली. कार्यालय नसेल तर नोंदणी नाही, नोंदणी नसेल तर कर नाही. पुढची दोन वर्षं हल्ले झाले ते बहुतेक कार्यालयासाठी घर भाड्याने देणाऱ्यांवर आणि तिथे बसणाऱ्या वसुली अधिकाऱ्यांवर.

## डोंगरापलीकडचा हिशेब

ॲलेगेनी, वॉशिंग्टन, फेयेट आणि वेस्टमोरलँड या चार काउंट्या ॲपलेशियन डोंगररांगेच्या पश्चिमेला आहेत. पिट्सबर्ग तेव्हा लहानसं गाव. इथे राय नावाचं धान्य चांगलं पिकायचं, पण ते विकायचं कुठे? मिसिसिपी नदीचं मुख स्पेनच्या ताब्यात, त्यामुळे न्यू ऑर्लिन्सचा रस्ता भरवशाचा नव्हता. पूर्वेला डोंगर. ओझ्याचा घोडा डोंगरवाटेने ४ बुशेल (धान्याचं एक माप) राय नेऊ शके. तीच राय गाळून व्हिस्की केली तर त्याच घोड्यावर २४ बुशेलांचा ऐवज मावे. ज्याच्याकडे भांडं नाही तो शेजाऱ्याच्या भट्टीवर धान्य देई आणि वाटा घेई.

रोख पैसा दुर्मिळ. मजुरी, दुकानाची उधारी, गावातली देणीघेणी व्हिस्कीत भागत. अशा ठिकाणी सरकारने दोन गोष्टी मागितल्या: कर रोखीत द्या, आणि माल विकला जायच्या आधी द्या. त्यातून डोंगरापलीकडे व्हिस्कीचा भाव पूर्वेच्या जवळपास निम्मा होता. गॅलनमागचा दर देशभर एकच असल्याने इथल्या माणसावर त्याच कराचं वजन दुप्पट पडत होतं.

भर म्हणून सरकारविषयीचा जुना राग होताच. ओहायो खोऱ्यात मूलनिवासी जमातींशी युद्ध चालू होतं आणि १७९० व १७९१ या दोन्ही वर्षी केंद्राच्या फौजेने तिथे सपाटून मार खाल्ला होता. संरक्षण देता येत नाही, कर मात्र मागता येतो, असं लोक उघड बोलत. पुष्कळ जमीन पूर्वेकडच्या मालकांची होती, आणि त्या मालकांत खुद्द वॉशिंग्टनही होते.

हे सगळं सोसूनही तोडगा निघाला असता, असं मला वाटतं. दर कमी होत होते, पर्याय वाढत होते. चर्चेला जागाच नव्हती ती एका मुद्द्यावर. करकायदा मोडल्याचा खटला केंद्राच्या न्यायालयात चाले आणि ते न्यायालय फिलाडेल्फियात होतं, सुमारे ३०० मैलांवर. लहान शेतकऱ्याने घोड्यावरून डोंगर ओलांडून तिथे जायचं, राहायचं, अनोळखी ज्यूरीपुढे उभं राहायचं आणि परत यायचं म्हणजे शेतीचा एक हंगाम गेला. दंड झाला तर नशीब. निर्दोष सुटला तरी कंबरडं मोडलेलंच.

## तीन वर्षांचा विरोध

सुरुवात सभांनी आणि अर्जांनी झाली. जुलै १७९१ मध्ये रेडस्टोन ओल्ड फोर्ट इथे पहिली मोठी सभा भरली. सप्टेंबरात वॉशिंग्टन काउंटीत एका वसुली अधिकाऱ्याला बायकांचे कपडे घातलेल्या टोळीने रानात गाठलं, त्याचे केस कापले, अंगाला डांबर फासून पिसं चिकटवली आणि त्याचा घोडा नेला. हल्लेखोरांविरुद्ध वॉरंट निघालं. ते घेऊन जायची हिंमत संबंधित अधिकाऱ्याला झाली नाही. त्याने गुरं हाकणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या हाती कागद दिले. म्हाताऱ्याला फटके बसले, डांबर-पिसं झाली आणि झाडाला बांधून ठेवण्यात आलं. यंत्रणेची अवस्था या एका प्रसंगात पुरती दिसते.

ऑगस्ट १७९२ मध्ये पिट्सबर्गला भरलेल्या सभेने ठराव केला की कर गोळा करणाऱ्यांशी कोणी संबंध ठेवू नये. त्या सभेचे चिटणीस होते अल्बर्ट गॅलॅटिन, स्वित्झर्लंडहून आलेला शांत डोक्याचा तरुण राजकारणी. पुढे त्यांनी या सहभागाला आपलं एकमेव राजकीय पाप म्हटलं. वॉशिंग्टन यांनी सप्टेंबर १७९२ मध्ये जाहीरनामा काढून असल्या सभांना ताकीद दिली. मवाळ मंडळी गप्प झाली आणि जागा जहालांना मिळाली.

नोव्हेंबर १७९३ मध्ये एका वसुली अधिकाऱ्याच्या घरात घुसून पिस्तुलाच्या धाकाने त्याच्याकडून वह्या आणि नेमणूकपत्र काढून घेण्यात आलं. १७९४ मध्ये ‘टॉम द टिंकर’, म्हणजे कल्हईवाला टॉम, या टोपणनावाने इशारे झळकू लागले. ज्याने भट्टीची नोंदणी केली त्याचं भांडं टॉम ‘दुरुस्त’ करणार. म्हणजे गोळ्या घालून त्याची चाळण होणार. याचा रोख सरकारपेक्षा शेजाऱ्यावर होता. कर भरायला तयार असलेल्यांनाही भरता येऊ नये, अशी ही व्यवस्था होती, आणि ती चालली.

## पहिला निर्णयबिंदू: जुने समन्स बजावायचे की नाही

मे १७९४ अखेर फिलाडेल्फियाच्या न्यायालयातून पश्चिमेकडच्या साठाहून अधिक भट्टीवाल्यांच्या नावे समन्स निघाले. हजेरी फिलाडेल्फियात. त्यानंतर काही दिवसांतच, ५ जूनला, नवा कायदा झाला. केंद्राच्या न्यायालयापासून ५० मैलांहून दूर राहणाऱ्यांचे करविषयक खटले स्थानिक राज्य न्यायालयांत चालवायला त्याने परवानगी दिली. पश्चिमेकडचे लोक ज्यासाठी ओरडत होते तेच हे. पण आधी निघालेले समन्स जुन्या कायद्याखाली होते आणि ते तसेच बजावायचं ठरलं. जून अखेरीस मार्शल, म्हणजे केंद्राच्या न्यायालयाचे हुकूम बजावणारे अधिकारी, डेव्हिड लेनॉक्स ते घेऊन निघाले.

हॅमिल्टन यांनी हे मुद्दाम घडवलं, कारण त्यांना एक संघर्ष हवाच होता, असा आरोप तेव्हाही झाला आणि आजही काही इतिहासकार तो करतात. हेतू काय होता हे बाजूला ठेवू. सरकारी कामकाज जवळून पाहिलेल्या माणसाला दुसरी शक्यताही तितकीच खरी वाटेल: कागद निघाला आहे, नोंद झाली आहे, आता तो बजावायचाच. तो थांबवायचा अधिकार कोणाचा, हे कोणी विचारतच नाही.

लेनॉक्स यांनी बहुतेक समन्स शांतपणे बजावले. लोक कुरकुरले, पण कागद घेतले. १५ जुलैला ॲलेगेनी काउंटीतले शेवटचे काही उरले होते. तिथे वाट दाखवायला त्यांच्यासोबत आले जनरल जॉन नेव्हिल.

नेव्हिल हे त्या भागाचे कर निरीक्षक, युद्धातले अधिकारी आणि परिसरातले बडे जमीनदार. त्यांची स्वतःची मोठी भट्टी होती आणि राबायला गुलाम होते. आधी त्यांनी अशा कराला विरोध केला होता. मग करखात्यातलं पद स्वीकारलं. लेनॉक्स हा परका माणूस आपलं काम करतोय, असं लोक समजून घेत होते. नेव्हिल यांना शेजारी पाहिल्यावर समन्सला चेहरा मिळाला.

त्या दुपारी हे दोघे एका शेतकऱ्याच्या दारात गेले. कापणीचे दिवस, माणसं शेतात. कागदात लिहिलं होतं की सगळी कामं आणि सबबी बाजूला ठेवून फिलाडेल्फियात हजर राहा. पुढे २५० डॉलरचा दंड दिसत होता. हा माणूस सगळं विकून केंटकीला जायच्या तयारीत होता आणि त्याची सगळी जमा त्यात गेली असती. त्याने कागद घ्यायला नकार दिला. तोवर शेतातली माणसं जमा झाली. दोघे घोड्यावरून परतू लागले तेव्हा मागून बंदूक उडाली. कोणाला लागलं नाही. पण सरकारी माणसं लोकांना धरून फिलाडेल्फियाला नेत आहेत, ही अफवा संध्याकाळपर्यंत मिंगो क्रीकपर्यंत पोचली. तिथे मिलिशियाची, म्हणजे गावकऱ्यांच्या हत्यारबंद पथकांची माणसं आयतीच जमलेली होती.

## बॉवर हिल

१६ जुलैच्या सकाळी काही डझन माणसांनी नेव्हिल यांच्या बॉवर हिल या टेकडीवरच्या घराला वेढा दिला. मार्शल आतच आहेत, असा त्यांचा समज. प्रत्यक्षात लेनॉक्स पिट्सबर्गला गेले होते. नेव्हिल यांनी गोळी झाडली आणि एक जण मेला. त्यांच्या गुलामांनीही मागून गोळीबार केला. जमाव मागे हटला.

दुसऱ्या दिवशी शेकडो माणसं आली. आकडा चारशे ते सहाशे सांगतात. नेतृत्व होतं जेम्स मॅकफार्लेन या स्वातंत्र्ययुद्धातल्या अधिकाऱ्याकडे. नेव्हिल यांना जवळच्या घळीत लपवलं होतं आणि घरात पिट्सबर्गच्या किल्ल्यातले दहा शिपाई होते. बायकामुलांना बाहेर जाऊ दिलं गेलं. मग तासभर गोळीबार चालला. मध्येच घरातून बोलणीची खूण झाली असं वाटून मॅकफार्लेन आडोशाबाहेर आले आणि गोळी लागून मेले. त्यानंतर घर आणि भोवतालच्या इमारती जाळल्या गेल्या. शिपाई शरण आले.

इथून प्रकरण कराचं राहिलंच नाही. महिनाअखेर डेव्हिड ब्रॅडफर्ड या वकिलाच्या पुढाकाराने टपाल लुटून पत्रं फोडण्यात आली. १ ऑगस्टला पिट्सबर्गजवळच्या ब्रॅडॉक्स फील्डवर सुमारे ७,००० माणसं जमली. त्यातल्या बऱ्याच जणांकडे ना भट्टी होती, ना जमीन. त्यांना पिट्सबर्ग लुटायचं होतं. गावच्या लोकांनी, विशेषतः ह्यू हेन्री ब्रॅकनरिज या वकिलाने, शहाणपणा केला. मोर्चाला विरोध न करता त्याचं स्वागत केलं, खाणं आणि व्हिस्कीची पिंपं पुढे केली आणि माणसं नदीपार रवाना केली. एक कोठार जळलं तेवढंच. करावरून पेटलेलं गाव कर न भरलेल्या व्हिस्कीने वाचलं असावं, असं म्हणायचा मोह होतो.

## फिलाडेल्फियातले पर्याय

२ ऑगस्टला वॉशिंग्टन यांनी मंत्र्यांना आणि पेनसिल्व्हेनियाच्या अधिकाऱ्यांना बोलावलं. टेबलावर तीन मार्ग होते.

राज्याच्या बाजूने गव्हर्नर थॉमस मिफ्लिन आणि सरन्यायाधीश थॉमस मॅककीन म्हणाले की न्यायालयांना काम करू द्या. ती अपुरी पडली असं अजून सिद्ध झालेलं नाही. हॅमिल्टन यांचं मत उलट. तीन वर्षं सवलती दिल्या, दर उतरवले, जाहीरनामे काढले. आता ताबडतोब आणि भरपूर बळ वापरा. परराष्ट्रमंत्री एडमंड रँडॉल्फ यांना भीती होती ती गृहयुद्धाची. आधी माणसं पाठवा, बोला, असा त्यांचा आग्रह.

वॉशिंग्टन यांनी दोन दगडांवर पाय ठेवले, आणि विचार करून ठेवले. १७९२च्या मिलिशिया कायद्यानुसार, न्यायालयं हतबल झाली असं न्यायाधीशाने लिहून दिल्याशिवाय राष्ट्राध्यक्षांना मिलिशिया बोलावता येत नव्हती. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जेम्स विल्सन यांनी ४ ऑगस्टला तसं लिहून दिलं. ७ तारखेला जाहीरनामा निघाला: १ सप्टेंबरपर्यंत घरोघर परत जा. त्याच वेळी महान्यायवादी विल्यम ब्रॅडफर्ड, न्यायमूर्ती जॅस्पर येट्स आणि सिनेटर जेम्स रॉस असे तीन आयुक्त पश्चिमेला निघाले. (हे ब्रॅडफर्ड आणि टपाल लुटणारे ब्रॅडफर्ड वेगळे, वाचताना घोळ होतो.)

बोलणी चालू असतानाच फौजेची जुळवाजुळव सुरू झाली होती. हा डाव होता की सावधगिरी, यावर मतभेद आहेत. माझ्या मते दोन्ही. बोलणी फसली आणि हिवाळा लागला तर डोंगर ओलांडता येणार नव्हता, म्हणून वाट पाहणं शक्य नव्हतं. पण फौज एकदा हलू लागली की बोलण्यांतून निघणाऱ्या उत्तराची किंमत कमी होते, हेही सगळ्यांना कळत होतं.

## रेडस्टोनची चिठ्ठी

१४ ऑगस्टला पार्किन्सन्स फेरीला २२६ प्रतिनिधी जमले आणि आयुक्तांशी बोलायला समिती नेमली गेली. आयुक्तांच्या अटी सौम्य होत्या. कायद्याला शरण जा, लोकांच्या सह्या आणा, माफी मिळेल.

२८ आणि २९ ऑगस्टला रेडस्टोनला या प्रतिनिधींची स्थायी समिती बसली. गॅलॅटिन शरण जाण्याच्या बाजूने स्पष्ट बोलले. बाहेर बंदुका घेतलेली माणसं फिरत असताना तसं बोलणं सोपं नव्हतं. डेव्हिड ब्रॅडफर्ड यांनी युद्धाची भाषा केली. पण मतदानाची वेळ आली तेव्हा कोणी हात वर करेना. उघड ‘हो’ म्हणावं तर रात्री घर जळायचं. म्हणून युक्ती काढली गेली. प्रत्येकाला एक चिठ्ठी, तिच्यावर ‘हो’ आणि ‘नाही’ दोन्ही लिहिलेलं. नको तो शब्द फाडून नष्ट करायचा आणि उरलेला पेटीत टाकायचा, म्हणजे अक्षरावरूनही माणूस ओळखू यायला नको.

निकाल: शरण जाण्याच्या बाजूने ३४, विरुद्ध २३. जिंकले मवाळ, पण आयुक्तांनी वाचलं ते २३. माफीचं बोलणं समोर असताना, गुप्त मतदानातही, इतके प्रतिनिधी नाही म्हणत असतील तर फौजेविना कायदा चालणार नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

११ सप्टेंबरला गावोगाव शपथेवर सह्या घ्यायच्या ठरल्या. काही ठिकाणी त्या भरभरून झाल्या, काही ठिकाणी कागद फाडले गेले. आयुक्तांनी अहवाल दिला की लष्करी मदत लागेल.

## कारवाई

न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, मेरीलँड आणि व्हर्जिनिया या चार राज्यांतून १२,९५० माणसं मागवली गेली. भरतीलाच कित्येक ठिकाणी विरोध झाला. कारलाइल गावात स्वातंत्र्याचे खांब, म्हणजे सरकारच्या निषेधाची खूण, उभे राहिले. वॉशिंग्टन स्वतः कारलाइल, फोर्ट कंबरलँड आणि बेडफर्डपर्यंत फौजेबरोबर गेले. कारलाइलला पश्चिमेकडचे दोन प्रतिनिधी त्यांना भेटले आणि म्हणाले की लोक शांत झाले आहेत, फौज परत न्या. वॉशिंग्टन यांनी ऐकून घेतलं. फौज थांबवली नाही. बेडफर्डहून ते परतले. पुढची सूत्रं व्हर्जिनियाचे गव्हर्नर हेन्री ली यांच्याकडे गेली, पण फौजेबरोबर हॅमिल्टन राहिले. करखात्याचा मंत्रीच फौजेसोबत चौकशीला, हे अनेकांना रुचलं नाही.

लढायला समोर कोणीच नव्हतं. १३ नोव्हेंबरच्या रात्री घोडेस्वारांनी घराघरांतून माणसं अंथरुणातून ओढून काढली. काहींना धड कपडे किंवा जोडेही घालू दिले नाहीत, आणि थंडीत हाकत नेलं. त्यात साक्षीदार होते, संशयित होते, नुसते शेजारीही होते. सुमारे १५० जण पकडले गेले आणि बहुतेक पुराव्याअभावी सुटले. ब्रॅकनरिज यांची हॅमिल्टन यांनी स्वतः दोन दिवस चौकशी केली आणि त्यांना मोकळं केलं. डेव्हिड ब्रॅडफर्ड केव्हाच नदीमार्गे स्पेनच्या मुलखात निसटले होते. २९ नोव्हेंबरला ली यांनी सरसकट माफी जाहीर केली, काही नावं वगळून.

## परिणाम

वीसेक कैदी चालवत फिलाडेल्फियाला नेले गेले. नाताळच्या दिवशी त्यांची शहरातून धिंड निघाली, टोपीत ‘बंडखोर’ लिहिलेले कागद खोचून. देशद्रोहाच्या आरोपात दोघंच दोषी ठरले. दोघांना फाशीची शिक्षा झाली आणि १७९५ मध्ये वॉशिंग्टन यांनी दोघांना माफ केलं. ब्रॅडफर्ड यांना १७९९ मध्ये पुढचे राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्स यांनी माफी दिली.

मोहिमेवर दहा लाख डॉलरहून अधिक खर्च झाला. फौजेने त्याच भागात रोखीने व्हिस्की आणि धान्य विकत घेतलं, त्यामुळे ज्या रोख पैशाच्या टंचाईवरून वाद पेटला होता ती टंचाई काही काळ हलकी झाली. सभा आणि अर्ज करणाऱ्या लोकशाही मंडळांना वॉशिंग्टन यांनी काँग्रेसपुढच्या, म्हणजे अमेरिकी संसदेपुढच्या, भाषणात दोषी धरलं. त्यातून पक्षीय भांडण आणखी चिघळलं. केंद्र सरकार स्वतःचा कायदा स्वतः राबवू शकतं, हे मात्र सिद्ध झालं.

कराची वसुली पुढेही रडतखडतच चालली. १८०२ मध्ये थॉमस जेफरसन यांच्या सरकारने तो रद्द केला, आणि तेव्हा अर्थमंत्री होते अल्बर्ट गॅलॅटिन. वॉशिंग्टन यांनी १७९७ मध्ये माउंट व्हर्ननला स्वतःची भट्टी टाकली. १७९९ मध्ये तिथे पाच भांड्यांवर सुमारे ११,००० गॅलन व्हिस्की निघाली. भांड्यावरच्या कराचा हिशेब अशा भट्टीला चांगलाच परवडत होता.

## काय वेगळं करता आलं असतं

समन्स मागे घेऊन नव्या कायद्याखाली स्थानिक न्यायालयाचे काढणं, हा सर्वांत स्वस्त मार्ग होता. त्याला विरोधी युक्तिवाद आहे: डांबर फासणाऱ्यांपुढे सरकार झुकलं असं दिसलं असतं. पण संसदेने कायदा बदललाच होता. तो लगेच लागू केला म्हणून कोणी झुकलं असं म्हटलं असतं तर त्याचं उत्तर तयार होतं. आणि साठाहून अधिक जणांची नावं एकदम काढण्याऐवजी हिंसा करणाऱ्या थोड्यांवरच खटले भरले असते, तर कर न भरलेला साधा शेतकरी आणि डांबर फासणारा हे दोघे एका बाजूला ढकलले गेले नसते.

नेव्हिल यांनी १५ जुलैला सोबत जायला नको होतं. लेनॉक्स यांचे आधीचे समन्स ज्या शांतपणे बजावले गेले ते पाहता हा निव्वळ हाताळणीचा प्रश्न होता.

रोखीच्या अटीलाही वाट काढता आली असती. ओहायोवरच्या फौजेला रोजच्या शिध्यात दारू लागतच होती. करापोटी काही माल फौजेच्या कोठारात जमा करून घेतला असता तर सरकारला तो दुरून आणायचा खर्च वाचला असता. हॅमिल्टन यांना रोख हवी होती, कारण रोख्यांचं व्याज व्हिस्कीत देता येत नाही. तरी काही भागापुरता हा पर्याय अशक्य नव्हता.

मवाळांचाही हिशेब मांडायला हवा. १७९२च्या ठरावात सामाजिक बहिष्कार होता, मारहाण नव्हती. पण ज्याच्याशी बोलायचंही नाही त्याच्यावर हात टाकणाऱ्याला कोणी अडवणार नाही, हा अर्थ लोकांनी लावला. रेडस्टोनला गॅलॅटिन जे बोलले ते दोन वर्षं आधी बोलले असते तर ऐकणारे जास्त असते.

केंटकीत हाच कर होता आणि तिथे तो जवळपास वसूलच झाला नाही. खटला चालवायला सरकारी वकील मिळेना, ज्यूरी दोषी ठरवेना. तिकडे फौज गेली नाही. पेनसिल्व्हेनियातला विरोध राजधानीच्या राज्यात होता, म्हणून तो दिसत होता आणि धडा शिकवायलाही सोयीचा होता. हॅमिल्टन यांनी हे लपवलंही नाही.

शेवटचा मुद्दा तारखांचा. रेडस्टोनचं मतदान २९ ऑगस्टला संपलं आणि सह्यांचा दिवस ११ सप्टेंबर. विखुरलेल्या वस्त्या, टपाल अनियमित, दहशत अजून ताजी, आणि हातात जेमतेम दोन आठवडे. ज्या गावांत सह्या कमी पडल्या तिथे विरोध किती आणि निरोपच न पोचणं किती, हे वेगळं काढायची सोय आयुक्तांनी ठेवली नव्हती. दोन आठवडे आणखी दिले असते तरी डोंगरात बर्फ पडायला वेळ होता. फौज कारलाइलला पोचली तीच ऑक्टोबरच्या सुरुवातीला.